स्टेशन दोनची हजेरी

श्रीरंगच्या मालकीची पहिली गाडी अकरा दिवस सुखात होती. बाराव्या दिवशी पाच अमेरिकन आणि एक नागपूरकर यांनी मिळून ती ढकलत नेली आणि रस्त्याकडेच्या बर्फाच्या ढिगात घातली. चूक सर्वस्वी श्रीरंगची होती. त्यानंही ती पुढे कधी नाकारली नाही; फक्त सांगताना तो बर्फ थोडा वाढवून सांगायचा.

फेब्रुवारी दोन हजार दोन. पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेज नावाच्या विद्यापीठाच्या शहराबाहेर वॉलनट गॅप नावाचं खेडेवजा गाव होतं. तिथला न्हावी विद्यापीठाजवळच्या न्हाव्यापेक्षा निम्म्यात केस कापतो, असा शोध लागल्यामुळे श्रीरंग तिथं गेला होता. सगळ्या रस्त्यावर गुडघाभर बर्फ, आणि दुकानासमोरच्या एका बंद शटरपुढे मात्र सारवल्यासारखी लख्ख जागा. पुण्यात वाढलेल्या माणसाला पार्किंगची अशी मोकळी जागा दिसली, की ती कुणी आणि कशासाठी मोकळी ठेवली असेल असल्या विचारात तो वेळ घालवत नाही. शटरवर 'गाडी लावू नये' अशी पाटी होती. ती बर्फानं झाकली गेली होती, असं श्रीरंग सांगत असे. ती झाकलेली नव्हती.

केस अर्धे कापून झाले होते, तेवढ्यात समोरच्या छपरावरचा भोंगा कोकलायला लागला. न्हाव्यानं, म्हणजे बर्टनं, कात्री टाकली आणि एक अक्षर न बोलता दार उघडून तो पळत सुटला. आपल्या केसांत त्याला काहीतरी भयंकर सापडलं, असंच श्रीरंगला वाटलं. गळ्यातल्या फडक्यासकट तो मागोमाग बाहेर आला. चारी बाजूंनी माणसं धावत येत होती. एकाच्या अंगावर दूधडेअरीचा कोट होता, एकाच्या हातात अर्धं सँडविच. शटर वर गेलं आणि आत आगीचा लालभडक बंब दिसला. बंबाच्या तोंडासमोर श्रीरंगची गाडी.

"कोनाची होय बे ही डबडी?" कातडी एप्रन घातलेला एक सावळा, ठेंगणा माणूस ओरडला. तो कुणाला उद्देशून ओरडला नव्हता. माणूस फार चिडला की आपल्याच भाषेत चिडतो, इतकंच.

"माझी," श्रीरंगच्या तोंडून निघालं.

त्या माणसानं एक क्षणभर त्याच्याकडे, त्याच्या अर्ध्या डोक्याकडे पाहिलं. "चाबी?"

"जॅकेटमध्ये... आत..."

"राहू दे." आणि सहाजणांनी गाडीला खांदे लावले. बंपर मागे राहिला, गाडी पुढे गेली.

पाऊण तासानं बंब परत आला. मार्था योडर नावाच्या एका आजीबाईंचा टोस्टर जळला होता, बाकी काही नाही. एप्रनवाला खाली उतरला.

"कुठचा?"

"पुणे."

"दिसूनच राहिलं." त्यानं हातमोजे काढले. "तुझ्या डबडीनं आमची चार मिनिटं खाल्ली. टोस्टर होता म्हणून मी अजून तुझ्याशी बोलून राहिलो. शनिवारी ये गाडी धुवायला. तुझी नाही, आमची."

देवानंद खोब्रागडे श्रीरंगच्या आयुष्यात आले ते असे.

ते मूळचे नागपूरच्या इंदोऱ्याचे. काच फुंकण्याचं काम तिथं एका प्रयोगशाळेत शिकले आणि एकोणीसशे चौऱ्याऐंशी साली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात काचकाम करायला आले. शास्त्रज्ञांना लागतात त्या वाकड्यातिकड्या नळ्या आणि पोटात पोट असलेले फुगे ते दिवसभर ज्योतीवर घडवत. कंबरेचा पेजर वाजला की ज्योत बंद करायची आणि दुसऱ्याच्या घरची आग विझवायला पळायचं. "आमचे हे सकाळी जाळ काढतात, दुपारी विझवतात, मध्ये जेवायला घरी येतात," असं उपासनाकाकू सांगत.

तिकडच्या खेड्यांत बंबवाल्यांना पगार नसतो. न्हावी, डेअरीवाला, शाळामास्तर असे लोक आपापलं काम करत असतात आणि भोंगा झाला की हातातलं टाकून धावतात. वॉलनट गॅपच्या बंबखान्याच्या, म्हणजे स्टेशन दोनच्या, जुन्या पाण्याच्या टँकरला डबल क्लचचा, दर वेळी क्लच दोनदा दाबायचा गियर होता आणि तो गावात कुणाच्या बापाला जमत नव्हता. देवानंदकाकांनी नागपुरात मामाच्या ट्रकवर हात साफ केला होता. एका अमेरिकन खेड्याच्या अग्निशमन दलात त्यांचा प्रवेश झाला तो या एका गियरमुळे. पुढे सोळा वर्षं तो टँकर दुसऱ्या कुणी हलवला नाही.

या कामानं त्यांच्या डोळ्यांना एक खोड लावली होती. कुणाच्याही घरात शिरले की आधी दारं मोजायचे, मग माणसं. लेकीच्या वाढदिवसाला केकशेजारी ओला टॉवेल घेऊन उभे राहायचे, ती बिचारी "डॅड, इट्स अ केक!" म्हणून तोंड लपवायची. बुद्धपौर्णिमेला त्यांच्या घरच्या मेणबत्त्या परातीत, बोटभर पाण्यात उभ्या असत. एका चौदा एप्रिलला बाबासाहेबांच्या जयंतीसाठी हॉल घेतला होता. हॉलची मर्यादा ऐंशी माणसांची. काकांनी दारात उभं राहून माणसं मोजली आणि एक्याऐंशीव्या माणसाला बाहेर थांबवलं. तो त्या दिवसाचा प्रमुख वक्ता होता. शेवटी काका स्वतः बाहेर जाऊन उभे राहिले आणि भाषण त्यांनी काचेतून पाहिलं.

शनिवारची धुलाई करता करता श्रीरंग स्टेशन दोनचाच झाला. त्याची पीएच.डी. तशीही एका जागी उभी होती. आगीच्या जवळ जाण्याचं धैर्य त्याच्यात नव्हतं. शिडीच्या चौथ्या पायरीवर त्याला भोवळ यायची. पण त्याचं अक्षर सुरेख होतं. म्हणून रॉय नावाच्या म्हाताऱ्या चीफनं त्याच्या हातात हजेरीपुस्तक दिलं. प्रत्येक कॉलला, म्हणजे आगीच्या प्रत्येक बोलावण्याला, तारीख, वेळ, ठिकाण आणि कोण कोण आलं त्यांची नावं लिहायची. महिन्याच्या शेवटी रॉय खाली सही करायचा. त्याचा चष्मा नेहमी घरी राहिलेला असे.

आणि इथंच श्रीरंगचं पुणेरी इंजिनियरिंग कॉलेज आडवं आलं. त्या कॉलेजात प्रॉक्सी हा गुन्हा नव्हता, तो शेजारधर्म होता. मित्र सिनेमाला गेला असेल तर त्याच्या नंबराला 'प्रेझेंट सर' म्हणायचं. श्रीरंगनं एकदा एकाच तासाला चार आवाजांत चार मित्र हजर केले होते. इथं पहिला नंबर बर्टचा लागला. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. ठरलेल्या संख्येइतक्या कॉलना न येणाऱ्याचं नाव यादीतून कापायचं असा नियम होता. बरा असता तर आलाच असता बिचारा! श्रीरंगनं लिहिलं: बर्ट, हजर. पुढच्या महिन्यात डेअरीवाल्याच्या गाई आजारी पडल्या. मग शाळामास्तराची बदली लांबच्या शाळेत झाली. तरणी पोरं पिट्सबर्गला नोकऱ्यांना गेली, ती नाताळपुरती उगवत. श्रीरंगच्या पुस्तकात मात्र सगळे येत होते. त्यात कसलाही स्वार्थ नव्हता. कुणी त्याला सांगितलं नव्हतं आणि कुणी अडवलंही नाही. रॉयच्या ध्यानात आलं होतं की नाही, हे रॉयलाच ठाऊक.

काका पुस्तकाला हात लावत नसत. "लिहिणं तुझं, धावणं माझं," म्हणत. टँकरवाल्याला आग दिसते तीही दुरूनच: ओढ्यावर जाऊन पाणी भरायचं, आणून ओतायचं, परत ओढ्यावर. पुढे नळीच्या टोकाशी कितीजण आहेत, हे बघायला त्याला उसंत नसते.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात बातमी आली की टाउनशिप स्टेशन दोन बंद करायच्या विचारात आहे. टाउनशिप म्हणजे आपल्याकडची नगरपंचायत समजा. तिचे पाच सुपरवायझर लोकांनी निवडून द्यायचे. त्यांच्यातल्या तिघांचं मत असं की वॉलनट गॅपमध्ये आता माणसंच नाहीत, तेव्हा शेजारच्या मोठ्या स्टेशनच्या हाती सगळं सोपवावं. नोव्हेंबरात एक जागा निवडणुकीला होती. स्टेशनच्या बैठकीत सगळे एकमेकांकडे बघत बसले आणि मग सगळेजण देवानंदकाकांकडे बघायला लागले.

"मी?" काका म्हणाले. "माझं आडनाव बोलता येत नाही तुम्हाला सोळा वर्षांत."

"आडनाव कशाला लागतं?" रॉय म्हणाला. "टँकरवाला म्हटलं की गाव ओळखतं."

एक अडचण होती. सुपरवायझरच्या खुर्चीत बसायचं तर दलात राहता येत नव्हतं. निवडून आलो तर पेजर आणि हेल्मेट परत करायचं, म्हणजे स्टेशन वाचवण्यासाठी स्टेशन सोडायचं. काकूंनी हे त्यांना दोनदा विचारलं. काका दोन्ही वेळा पाण्याचा पेला भरून प्यायले आणि निवडणुकीला उभे राहिले.

प्रचाराला माणसांचा तोटा नव्हता. स्टेट कॉलेजची यच्चयावत मराठी मंडळी तुटून पडली. पोस्टर निमिषचं, पत्रकं सुलेखाची, घरोघरच्या याद्या संजीवच्या. एका रविवारी अशी बत्तीस माणसं जमली. काकूंनी पोह्यांचं पातेलं खाली ठेवता ठेवता विचारलं, "यातल्या मत कुणाकुणाला देता येतं?" सगळे विद्यार्थी व्हिसावर नाहीतर नोकरीच्या. नागरिक झालेले काका-काकू सोडले, तर बत्तीस माणसांत एकालाही मत नव्हतं.

"छान," काका म्हणाले. "म्हणजे कोणी फुटायची भीती नाही."

घरोघर फिरायला श्रीरंग त्यांच्याबरोबर असे. दुसरे उमेदवार एका संध्याकाळी तीस घरं करत. काकांची चार व्हायची. दार उघडलं की ते हात पुढे करत आणि त्यांची नजर वर छताकडे जाई. "तुमचा धूर ओळखायचा भोंगा चालतो का?" मग खुर्ची मागवायची, वर चढायचं, जुनी बॅटरी काढायची, खिशातली नवी घालायची. मत मागायचं ते कित्येकदा विसरूनच जात. श्रीरंग फाटकापासून परत जाऊन मत मागून येई.

मार्था योडर तेव्हा एक्याऐंशीची होती. तिच्या भोंग्यात बॅटरीच नव्हती. टोस्ट करताना कटकट करतो म्हणून तिनं ती काढून रेडिओत घातली होती. काकांनी नवी घातली. ती म्हणाली, "मी मत देईन, पण एक सांग. आग लागली तर येणार कोण? बर्ट तर लंगडतो."

"येतील," काका म्हणाले. "दर कॉलला सरासरी नऊ माणसं येतात. पुस्तकात आहे."

श्रीरंग तेव्हा खुर्ची धरून उभा होता. त्याच्या हातातली खुर्ची हलली आणि वरून काका ओरडले, "अबे, धर ना नीट!"

तेव्हाच सांगायला हवं होतं. ते नंतरही सांगता आलं असतं. जाहीर सभेत काकांनी तोच नऊचा आकडा सगळ्या गावापुढे ठेवला, टाळ्या पडल्या, आणि टाळ्यांत श्रीरंगनंही टाळ्या वाजवल्या. त्या रात्री तो जेवला नाही, एवढंच. काका एकसष्ट मतांनी निवडून आले. जानेवारीत त्यांनी पेजर आणि हेल्मेट रॉयच्या टेबलावर ठेवलं, टँकरची किल्ली खिळ्याला लावली आणि टाय लावून टाउनशिपच्या बैठकीला गेले. स्टेशन दोन वाचलं. त्याच्यासाठी खरोखर धावून येणाऱ्यांतला मात्र एकजण कमी झाला.

दोन वर्षं अशीच गेली. काका रस्त्यांच्या खड्ड्यांवर आणि सांडपाण्याच्या नळांवर मतदान करत. भोंगा झाला की बैठकीत बसल्या बसल्या त्यांचा उजवा हात कंबरेकडे जाई, पेजर असायचा तिथं.

दोन हजार सहाच्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी दुपारी दोन वाजता भोंगा झाला. मार्था योडरच्या घरून धूर येत होता.

आता त्या भागातली पद्धत अशी: फोन जातो तो जिल्ह्याच्या केंद्रात. तिथं हजेरीपुस्तकांवरून प्रत्येक स्टेशनची कुवत मांडून ठेवलेली असते. दुबळं स्टेशन असेल तर शेजारच्यालाही त्याच क्षणी उठवतात. दणकट असेल तर एकट्यालाच बोलावतात, आणि आठ मिनिटांत बंब निघाला नाही तरच दुसऱ्याला. स्टेशन दोनची गणना दणकट म्हणून झाली होती. दर कॉलला नऊ माणसं.

त्या दुपारी आले दोघं: अडुसष्ट वर्षांचा रॉय, आणि श्रीरंग, वही घेऊन. नळी धरायला माणसं नसताना रॉय एकटा बंब काढू शकत नव्हता. ते दोघं उघड्या शटरमध्ये उभे राहून रस्त्याकडे बघत होते. बर्ट काठी टेकत आला. आणखी कुणीच आलं नाही. छपरावर भोंगा वाजत होता.

मग विद्यापीठाच्या बाजूनं एक गाडी आली आणि कातडी एप्रनसकट देवानंदकाका उतरले. भोंगा त्यांना काचेच्या कामावर ऐकू आला नव्हता. कुणीतरी फोन केला होता. रॉय म्हणाला, "तुला चालवता येणार नाही. तू यादीवर नाहीस."

काकांनी खिळ्यावरची किल्ली काढली. "यादीवर कोण आहे ते दिसून राहिलं मला," ते मराठीत म्हणाले, आणि श्रीरंगला शेजारी बसायची खूण केली.

ते पोचले तेव्हा तेरा मिनिटं झाली होती. शेजारच्या स्टेशनचा बंब त्याच वेळी वळणावर दिसला. त्याला आठ मिनिटांनी उठवलं होतं. मार्थाचा देह दाराच्या आतल्या बाजूला सापडला. दारापासून दोन हातांवर. ती वेळेवर उठली होती. तिच्या छताचा भोंगा चालू होता, माणसं आत शिरली तेव्हाही तो वाजतच होता. काकांनीच शेवटी खुर्चीवर चढून तो बंद केला.

चौकशी बसली. काकांनी स्टेशन दोनची सगळी हजेरीपुस्तकं घरी मागवून घेतली आणि आठवडाभर ते संध्याकाळी ती वाचत बसले. रविवारी श्रीरंगला चहाला बोलावणं आलं. जेवणाच्या टेबलावर पुस्तकं होती. काकू ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

काकांनी एक पान उघडून पुढे सरकवलं. "अकरा मार्च दोन हजार तीन. वाच."

श्रीरंगनं आपलं सुरेख अक्षर पाहिलं. "कोंबड्यांच्या शेडला आग. सकाळी दहा वीस. हजर..."

"वाच ना."

"हजर: खोब्रागडे, डी."

"अकरा मार्चला मी कुठं होतो?"

काकू वळल्या. "इंदोऱ्यात," त्या म्हणाल्या. "आत्या गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी." काकांच्या आई जाईबाई काकूंच्या सासूबाई, पण आतेभाऊ-मामेबहिणीचं लग्न, म्हणून आत्याच म्हणत.

"काका, तुम्ही तीन आठवडे नव्हता," श्रीरंग घाईघाईनं म्हणाला. "तुमचे कॉल कमी पडले असते. तुमचं नाव कापलं असतं यादीतून, म्हणून मी... स्टेशनसाठी, काका. सगळ्यांचीच लिहिली मी. स्टेशन बंद पडू नये म्हणून."

"माय जळत होती तिकडं," काका अगदी हळू म्हणाले, "आणि तू मला कोंबड्या विझवायला धाडलं बे."

हे ऐकून हसावं की काय करावं हे कुणालाच कळलं नाही. श्रीरंग म्हणाला, "मी सांगतो सगळ्यांना. बैठकीत येऊन सांगतो." असं म्हणताना त्याच्या डोळ्यांपुढून आपला व्हिसा, आपला गाईड, पुण्यातले आईवडील असे ओळीनं गेले, आणि ते तसे गेले याची त्याला जन्मभर लाज वाटावी इतके ठळक गेले.

काकांनी पुस्तकं एकावर एक रचली. "जा तू घरी," म्हणाले.

मार्चमधल्या बैठकीला हॉल गच्च भरला होता. स्टेशन दोन ठेवायचं की बंद करायचं, याच्यावर मतदान. दोन एकीकडे, दोन दुसरीकडे, हे सगळ्यांना माहीत होतं. पाचवं मत काकांचं. पहिल्या रांगेत रॉय, बर्ट आणि दलातले बाकीचे आपापले गणवेशाचे कोट घालून बसले होते. देवानंद त्यांचा माणूस होता. त्यासाठीच तर पाठवला होता. श्रीरंग शेवटच्या रांगेत बसला होता, कधीही उभं राहावं लागेल म्हणून कडेच्या खुर्चीवर.

काका उभे राहिले. त्यांनी कागद आणला नव्हता.

"तीन वर्षांपूर्वी मी तुमच्या दारी आलो आणि सांगितलं, दर कॉलला नऊ माणसं येतात. ते खोटं होतं. तीन यायची. कधी दोन. मी टँकरवर होतो. कमी आहेत हे मला दिसत होतं. मी मोजलं नाही."

"पुस्तकात होतं ना!" मागून कुणीतरी ओरडलं. "पुस्तक कोण लिहीत होतं?"

श्रीरंग अर्धवट उठला. काकांनी त्याच्याकडे पाहिलं. बंब अडवणाऱ्या गाडीकडे पाहावं तसं पाहिलं. श्रीरंग बसला.

"आकडा मी सांगितला होता," काका म्हणाले. "रिकामं स्टेशन हे स्टेशन नसण्यापेक्षा वाईट. ते नसतं तर शेजारचा बंब पहिल्या मिनिटाला निघाला असता. माझं मत, बंद करा."

हॉलमध्ये जो आवाज उठला त्याला आरडाओरडा म्हणता येणार नाही. अंगावरून गाडी गेल्यावर निघावा तसा तो होता. रॉय उठला. लोकांना वाटलं तो बोलणार. त्यानं कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि तो निघून गेला. बर्ट मात्र जाता जाता काकांसमोर थांबला. "सोळा वर्षं," म्हणाला, "सोळा वर्षं तू आमच्यातला होतास."

त्यानंतरचं काय सांगायचं? स्टेशनचा हॉल एका गालिचेवाल्यानं घेतला. टँकर विकला. तो चालवून नेणाऱ्याला काही केल्या गियर पडेना. लोक रस्त्यावर उभं राहून बघत होते, पण काकांना बोलवायला कुणी गेलं नाही. बर्टच्या दुकानात काकांचा नंबर लागेनासा झाला. ते बाकावर बसत, मागून आलेले केस कापून जात. दोनदा असं झाल्यावर उपासनाकाकू घरीच कापायला लागल्या. "वेडेवाकडे कापते मी," त्या म्हणत, "पण मला वेळ असतो." दोन हजार सातच्या शरदात वॉलनट गॅपच्या खिंडीजवळ एक घर पेटलं. दोन्ही शेजारची स्टेशनं एकदमच उठली, सहाव्या मिनिटाला पाणी सुरू झालं आणि चार माणसं जिवंत बाहेर आली. स्थानिक पेपरात दोन्ही बंबांचे फोटो आले. काकांनी तो पेपर वाचला आणि रद्दीत ठेवला.

राजीनामा मात्र त्यांनी दिला नाही. काकू म्हणाल्या, सोडा आता. तर म्हणाले, सहा वर्षांसाठी निवडून दिलंय. दर महिन्याच्या बैठकीला टाय लावून जात, खड्ड्यांवर आणि सांडपाण्यावर मतदान करत. बैठक संपली की बाकीचे चौघं घोळक्यानं कॉफीकडे जात आणि काका खुर्च्या सरळ करत बसत.

श्रीरंग त्यांच्या घरी जात राहिला. दोघांनी त्या रविवारचा विषय पुन्हा काढला नाही. ते विसरले असते तर श्रीरंगला परवडलं असतं, किंवा चिडले असते तरी चाललं असतं. पण काका पूर्वीसारखेच वागत. भाजी वाढत, पीएच.डी. कुठवर आली विचारत, आणि श्रीरंग ताट अर्धं ठेवून भांडी घासायला उठे.

दोन हजार आठच्या मे महिन्यात श्रीरंगची पीएच.डी. एकदाची संपली आणि कॅलिफोर्नियात सांता क्लाराला नोकरी लागली. निरोप घ्यायला तो काकांच्या काचेच्या कार्यशाळेत गेला. दुपार होती. काका निळ्या चष्म्यातून ज्योतीकडे पाहत नळी फिरवत होते. त्यांचे केस मागून एका बाजूला जरा जास्तच कापलेले होते.

"काका, उद्या निघतो."

"हं. पोचलास की काकूला फोन कर."

श्रीरंग दाराशी गेला. परत आला. दोन वर्षं जे तोंडात होतं ते आज नाही निघालं, तर सांता क्लारालाही तेच घेऊन जावं लागणार होतं.

"काका, त्या दिवशी बैठकीत... सगळं माझ्यामुळे झालं होतं. मी उठलो होतो. तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?"

काकांनी नळी ज्योतीतून बाजूला घेतली, तिच्यात एक फुंकर घातली, आणि फुगा नीट गोल झाला का ते उजेडात धरून पाहिलं.

"मतं मी मागितली होती बे, तू नाही."